गिटारचा पंक्तिप्रवेश

परदेशातून आलेल्या वाद्याला भारतीय संगीताच्या पंक्तीत स्थान मिळते, ते कोणत्या अटीवर, हा प्रश्न गेली दोनशे वर्षे आपल्याकडे वारंवार उपस्थित होत आला आहे. व्हायोलिन एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दक्षिणेत रुजले. मुथुस्वामी दीक्षितर यांचे बंधू बालुस्वामी यांनी ते आत्मसात केले आणि पुढे कर्नाटक संगीताच्या मैफलीत ते इतके अपरिहार्य झाले की, त्याचे परकेपण कोणाच्या ध्यानातही राहिले नाही. हार्मोनियमची कथा याहून निराळी आहे. कीर्तनात, नाटकात, मैफलीत आणि मध्यमवर्गाच्या माजघरात हे वाद्य सर्वत्र पोहोचले, तरी त्याच्यावरील आक्षेप काही संपला नाही. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने आपल्या केंद्रांतून हार्मोनियमला बंदी केली आणि ती जवळजवळ तीस वर्षे टिकली. हार्मोनियम परदेशी आहे, ही तक्रार होतीच. पण खरी तक्रार निराळी होती. हे वाद्य एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर घसरत, मधल्या श्रुतींना स्पर्श करीत जाऊ शकत नाही. त्याला मींड येत नाही. गळ्याला जे सहज साधते ते ज्या वाद्याला साधत नाही, त्याने रागसंगीतात कितीही मानाची जागा पटकावली तरी ते पाहुणेच राहते, असा हा न्याय होता.

या न्यायाने पाहिले तर गिटारची बाजू सर्वांत लंगडी असावयास हवी होती. स्पॅनिश गिटारच्या गळ्यावर धातूचे पडदे पक्के बसविलेले असतात. सतारीचे पडदे सरकविता येतात आणि तार ओढून मींड काढता येते. गिटारचे पडदे जागचे हलत नाहीत आणि तार ओढण्यासही फारसा वाव नसतो. तिचे सारे वैभव एकाच वेळी अनेक स्वर छेडून उभ्या राहणाऱ्या स्वरमेळात आहे आणि रागसंगीताला तर त्याच गोष्टीची गरज नाही. तरीसुद्धा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही गिटार सतार-सरोदांच्या शेजारी येऊन बसली. एवढेच नव्हे, तर संतूर आणि बासरी यांच्या सोबतीने तिने १९६७ साली मुंबईत एक असा लहानसा वृंद उभा केला की, त्याची ध्वनिमुद्रिका जगभर ऐकली गेली. हे कसे घडले, याचा शोध घेऊ लागले म्हणजे वाट प्रथम हवाई बेटांकडे जाते आणि तेथून वळून, काहीशी अनपेक्षितपणे, मराठी मुलखातील देवगिरीपाशी येऊन पोहोचते.

हवाई बेटांत गिटार एकोणिसाव्या शतकात परदेशी गुराख्यांबरोबर आणि खलाशांबरोबर गेली. त्या शतकाच्या अखेरीस होनोलुलूच्या कामेहामेहा शाळेतील जोसेफ केकुकू नावाच्या विद्यार्थ्याने तिला एक नवेच वळण दिले. रेल्वेच्या रुळालगत सापडलेला लोखंडी बोल्ट तारेवर घसरला आणि त्यातून निघालेल्या स्वराने तो मोहून गेला, अशी कथा सांगतात. कथेचा तपशील कसाही असो. केकुकूने गिटार मांडीवर आडवी घेतली, तारा पडद्यांपासून उंच उचलल्या आणि बोटांनी दाबण्याऐवजी त्यांवरून पोलादाची कांडी फिरविण्यास आरंभ केला. पडदे जागच्या जागी राहिले, पण त्यांचा अंमल संपला. स्वर आता कांडी जेथे नेईल तेथे जाऊ लागला. केकुकूच्याही आधी, भारतात जन्मलेला आणि जहाजावरून होनोलुलूला जाऊन पोहोचलेला गॅब्रिएल डेव्हियन नावाचा एक तरुण अशाच रीतीने वाजवीत असे, असेही तेथे सांगितले जाते. ही गोष्ट खरी असेल तर गिटारचे भारतात येणे हे परतून येणेच म्हणावे लागेल. परंतु तिच्यावर भिस्त ठेवण्याचे कारण नाही. भारताचा या वादनपद्धतीशी असलेला संबंध याहून पुष्कळ जुना आहे आणि तो ग्रंथात नमूद आहे.

तेराव्या शतकात यादव राजा सिंघण याच्या पदरी शार्ङ्गदेव नावाचा एक विद्वान होता. त्याचे घराणे मूळचे काश्मीरचे. आजोबा भास्कर दक्षिणेत येऊन स्थायिक झाले आणि वडील सोढल यादवांच्या सेवेत होते. शार्ङ्गदेव स्वतः राज्याच्या हिशेबखात्याचा प्रमुख होता आणि वैद्यकाचाही जाणकार होता. याच देवगिरीत त्याने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. पुढच्या काळात उत्तरेकडचे आणि दक्षिणेकडचे, असे दोन्ही संगीतज्ञ ज्याला प्रमाण मानतात, असा हा ग्रंथ. त्याच्या वाद्याध्यायात एकतंत्री वीणेचे वर्णन आहे. या वीणेला एकच तार आणि पडदा एकही नाही. वादक डाव्या हातात वेळूची लहानशी कांबी धरतो आणि ती तारेवरून फिरवून स्वर काढतो. शार्ङ्गदेवाने या वीणेला फार मोठा मान दिलेला आहे.

म्हणजे हवाईच्या विद्यार्थ्याला पोलादाच्या कांडीने जे सापडले, ते देवगिरीच्या ग्रंथकाराला वेळूच्या कांबीने ठाऊक होते. ही परंपरा मध्यंतरी क्षीण झाली, पण तुटली नाही. दक्षिणेत गोट्टुवाद्यम म्हणून ती टिकली. उत्तरेत विचित्र वीणेच्या रूपाने तिला विसाव्या शतकात नवा जीव मिळाला, तो मुख्यतः पतियाळ्याच्या अब्दुल अझीझ खाँ यांच्या हातून. विचित्र वीणेवर काचेचा गुळगुळीत गोळा फिरवितात आणि तिची मींड गंभीर, लांब पल्ल्याची असते. तेव्हा घसरता स्वर ही काही परदेशाची देणगी नव्हती. परदेशाने दिले ते एक आटोपशीर, जवळ वागविता येईल असे आणि कारखान्यात तयार होणारे वाद्य.

ते वाद्य भारतात आले ते मात्र करमणुकीच्या दारातून. १९१५ साली सान फ्रान्सिस्कोच्या मोठ्या प्रदर्शनात हवाईयन संगीत गाजले आणि त्याची लाट जगभर पसरली. हवाईयन कलावंतांचे ताफे आशियातील बंदरांमधून फिरू लागले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात टाउ मो आणि त्यांचे कुटुंबीय कलकत्त्यात राहून हॉटेलांतून गिटारवादन करीत. गार्नी निस यांनीही त्याच शहरात हवाईयन गिटारला मोठा लौकिक मिळवून दिला. बंगालने हे वाद्य घरात घेतले आणि त्याच्यावर रवींद्रसंगीताच्या चाली वाजू लागल्या. मुंबईत व्हॅन शिप्ले यांनी विजेवर चालणाऱ्या गिटारवर चित्रपटगीते वाजविली आणि पुण्याचे अकॉर्डियनवादक इनॉक डॅनियल्स यांच्या सोबतीने त्यांच्या ध्वनिमुद्रिका घरोघरी गेल्या. लोकप्रियता आली, पण तिच्याबरोबर एक शिक्काही आला. गिटार म्हणजे गाण्याची नक्कल करणारे गोड वाद्य, असे समीकरण होऊन बसले. तिच्यावर रागाचा विस्तार करता येईल, हे बहुतेकांच्या गावीही नव्हते.

हे समीकरण मोडण्याचे काम जोधपूरच्या ब्रिजभूषण काब्रा यांनी केले. १९३७ साली जन्मलेल्या काब्रांच्या घरात संगीत होते. त्यांचे वडील बंधू दामोदरलाल हे अली अकबर खाँ यांचे शिष्य व सरोदवादक होते. ब्रिजभूषण यांचा ओढा मात्र आरंभी खेळांकडे आणि भूगर्भशास्त्राकडे होता. कलकत्त्यास गेले असता त्यांनी हवाईयन गिटार ऐकली आणि त्या वाद्याने त्यांना पकडले. वडिलांनी एका अटीवर संमती दिली, असे सांगतात: या वाद्यावर वाजवावयाचे ते शास्त्रीय संगीतच. पुढे अली अकबर खाँ यांनीच या नव्या वाद्यासह त्यांना शिष्य म्हणून स्वीकारले. वडिलांनी घातलेली ही अट काब्रांनी अखेरपर्यंत पाळली.

तिचा अर्थ नीट ध्यानात घेण्यासारखा आहे. गिटारचे जे स्वाभाविक वैभव, तो स्वरमेळ, काब्रांनी सोडून दिला. रागाचा विस्तार करण्यासाठी त्यांनी मोजक्या तारा ठेवल्या आणि उरलेल्या तारांना आधारस्वराचे व चिकारीचे काम दिले. अर्थात सरोदाची जोड-झाल्याची रीत त्यांना गिटारवर आणावयाची होती आणि चिकारीशिवाय झाला कसला? डाव्या हातातील कांडीने आलाप गाइल्यासारखा लांबत जाई आणि उजव्या हाताच्या नख्यांनी लय बांधली जाई. हार्मोनियमला जे कधीच जमले नाही, ते गिटारला जमले. कारण गिटारने आपले पडदे आणि आपला स्वरमेळ, ही दोन्ही मालमत्ता दाराबाहेर ठेवूनच आत पाऊल टाकले होते.

एकट्या वाद्याचा प्रश्न अशा रीतीने सुटला. परंतु वृंदात बसणे हा दुसरा आणि अधिक अवघड प्रश्न होता. तो केवळ गिटारचाच नव्हे, तर साऱ्या रागसंगीताचा आहे. राग हा एकाच्या मनातून क्षणाक्षणाला उलगडत जातो. तो आधीच लिहून ठेवला तर त्याचा प्राण जातो आणि लिहिला नाही तर दहा वादकांनी एकत्र वाजवावयाचे काय, अशी ही अडचण आहे.

या बाबतीतही शार्ङ्गदेवाचे विवेचन मोलाचे आहे. त्याने गायक-वादकांच्या वृंदांचे उत्तम, मध्यम आणि कनिष्ठ असे भेद केले आहेत. उत्तम वृंदात ४ मुख्य गायक, ८ साथीचे गायक, १२ गायिका, ४ बासरीवादक आणि ४ मृदंगवादक, असे एकंदर ३२ जण असावेत, असे तो सांगतो. याहून मोठ्या वृंदाला त्याने दिलेले नाव मोठे मार्मिक आहे: कोलाहल. त्याहूनही महत्त्वाचे आहेत ते त्याने सांगितलेले वृंदाचे गुण. मुख्याचे अनुसरण करावे, स्वर एकमेकांत मिसळावेत, तालाशी सर्वांनी एकरूप असावे, आवाजात सारखेपणा असावा, तिन्ही स्थानांत संचार करण्याची शक्ती असावी; आणि एकाच्या वादनात जेथे खंड पडेल तेथे दुसऱ्याने तो सावरून घ्यावा. सातशे वर्षांपूर्वी सांगितलेला हा शेवटचा गुण पुढच्या साऱ्या प्रयोगांची कसोटी ठरावा असा आहे.

आधुनिक काळात असे प्रयोग बरेच झाले. १९१८ च्या साथीनंतर मैहर संस्थानात अल्लाउद्दीन खाँ यांनी अनाथ मुलांना हाताशी धरून मैहर बँड उभा केला. सतार-सरोदांच्या जोडीला त्यात व्हायोलिन आणि चेलो होते आणि बंदुकीच्या नळ्या कापून केलेला नलतरंगही होता. उदय शंकर यांच्या नृत्यपथकासाठी विष्णुदास शिराली यांनी भारतीय वाद्यांचा वृंद रचून युरोप-अमेरिकेतील रंगमंदिरांत ऐकविला. हे शिराली विष्णु दिगंबर पलुस्कर यांचे शिष्य. ज्या पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून पंजाबात संगीतशिक्षणाचा पाया घातला, त्यांच्याच शिष्याने वाद्यवृंदाचा हा नवा मार्ग चोखाळला, ही गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात राहत नाही. १९५२ साली आकाशवाणीने दिल्लीत वाद्यवृंद स्थापन केला. रविशंकर, टी. के. जयराम अय्यर आणि पुढे पन्नालाल घोष यांनी त्यासाठी रचना केल्या. १९५८ साली मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात गोव्यातील माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी शंभराहून अधिक वादकांचा ताफा जमवून रागांवर आधारलेल्या आपल्या रचना सादर केल्या. चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात गोव्याचे व्हायोलिनवादक आणि उत्तरेकडील सतारवादक रोजच शेजारी-शेजारी बसत. त्या शेजाराला मैफलीची प्रतिष्ठा मिळावी, हा गोन्साल्विस यांचा ध्यास होता.

या सर्व प्रयत्नांत धाडस होते, कष्ट होते आणि काही सुंदर रचनाही होत्या. परंतु एक उणीव बहुतेकांत राहिली. वादकांची संख्या वाढली की लेखनावाचून गत्यंतर नाही आणि लेखन आले की वादक आज्ञा पाळणारा होतो. श्रोत्याला रागाची आकृती दिसते, पण राग घडताना दिसत नाही. जाणकारांनी वाद्यवृंदाविषयी जी उदासीनता दाखविली, तिचे मूळ येथे आहे. केवळ जुन्याच्या अभिमानात नाही.

वृंद लहान करावा, वाद्ये भिन्न प्रकृतीची निवडावीत आणि त्यांना एका कथेच्या सूत्रात ओवावे, हा विचार ज्यांनी अमलात आणला ते होते जी. एन. जोशी. मराठी रसिकांना ते भावगीतगायक म्हणून परिचित आहेत. कवी ना. घ. देशपांडे यांच्या ‘शीळ’ या कवितेची त्यांची ध्वनिमुद्रिका मराठी भावगीताच्या इतिहासात पहिल्या पानावर नोंदली जाते. पुढे ते ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ कंपनीत ध्वनिमुद्रणाचे अधिकारी झाले आणि मुंबईत त्यांनी शास्त्रीय संगीतातील कित्येक थोर कलावंतांचे आवाज तबकडीवर उतरविले. भावगीताने त्यांना एक दृष्टी दिली होती. तीन-साडेतीन मिनिटांत एक मनःस्थिती पुरी उभी करावयाची, हे भावगीताचे कसब. दीर्घ वादनाची तबकडी आल्यावर तेच कसब अधिक मोठ्या पटावर वापरता येईल, हे त्यांनी ओळखले.

त्यांनी निवडलेले तिघेही वादक तिशीच्या आसपासचे होते आणि तिघांच्याही वाद्यांचे स्थान तेव्हा वादग्रस्त होते. जम्मूचे शिवकुमार शर्मा यांनी काश्मीरच्या सूफियाना संगीतातील संतूर रागसंगीताच्या मैफलीत आणले होते आणि त्यांच्यावर पहिला आक्षेप तोच घेतला जाई: या वाद्याला मींड नाही. अलाहाबादचे हरिप्रसाद चौरसिया कटकच्या आकाशवाणी केंद्रावरून मुंबईस आलेले. पन्नालाल घोष १९६० साली निवर्तल्यानंतर बासरीचे काय होणार, ही चिंता अजून ताजी होती. तिसरे काब्रा आणि त्यांची गिटार. तबल्यावर माणिकराव पोपटकर होते. पुढे चौरसियांनी अल्लाउद्दीन खाँ यांच्या कन्या अन्नपूर्णादेवी यांचे शिष्यत्व पत्करले. काब्रा तर खाँसाहेबांच्या पुत्राचेच शिष्य. म्हणजे ज्याने मैहरला बँड उभा केला, त्याच घराण्याची छाया या वृंदावरही पडलेली दिसते.

१९६७ च्या या ध्वनिमुद्रिकेचे नाव ‘कॉल ऑफ द व्हॅली’. काश्मीरच्या दरीतील मेंढपाळाचा एक दिवस तिच्यात स्वरांनी उलगडला आहे. पहिल्या बाजूस पहाटेचा अहीर भैरव, त्यातून निघणारा नट भैरव आणि मग पिलू; दुसऱ्या बाजूस सायंकाळ ओलांडणारा भूप, रात्रीचा देस आणि शेवटी पहाडी. रागांच्या वेळेचे जे शास्त्र आहे त्यानुसार या रागांसाठी सकाळपासून रात्रीपर्यंत जागे राहावे लागेल. जोशींनी तो सारा दिवस सुमारे चाळीस मिनिटांत बसविला. कर्मठांना हे रुचले नसेल. पण वेळेचा संकेत त्यांनी मोडला नाही. उलट त्या संकेतालाच कथा केले. पहाट, उतरते ऊन आणि रात्र हीच येथे पात्रे आहेत आणि राग त्यांची वाणी आहेत.

तथापि या ध्वनिमुद्रिकेचे खरे यश कथेत नसून वाद्यांच्या परस्परसंबंधात आहे. संतूरच्या तारेवर कलमाचा आघात झाला की स्वर उमटतो आणि लगेच विरू लागतो. दोन स्वरांमधील अंतर त्याला ओलांडता येते, पण चालत जाता येत नाही. गिटार नेमकी तेथे चालते. तिची कांडी अहीर भैरवाच्या कोमल ऋषभावर आंदोलत राहते आणि संतूरने बिंदूंनी रेखाटलेल्या आकृतीत रेषा भरते. उलट द्रुत लयीत कांडीला स्वरास्वरावर नेमके थांबणे कठीण जाते, तेथे संतूरचे तुषार उडू लागतात आणि लयीचा भार ते वाद्य आपल्या अंगावर घेते. बासरीजवळ मींडही आहे आणि गतीही आहे, पण ती श्वासाच्या अधीन आहे. वादकाने दम घ्यावयाच्या क्षणी तारा झंकारत असतात. एकाच्या वादनात जेथे खंड पडेल तेथे दुसऱ्याने तो सावरावा, हा शार्ङ्गदेवाने सांगितलेला गुण याहून स्पष्ट रूपात दुसरीकडे क्वचितच ऐकू येईल. ज्याच्या पूर्वजांनी काश्मीर सोडून देवगिरी गाठली, त्याने वृंदाचे हे लक्षण सांगावे आणि काश्मीरच्या वाद्याने मुंबईत येऊन ते सिद्ध करावे, हा योग इतिहासात सहजच जुळून आला आहे.

ते वर्षच काही विलक्षण होते. १९६७ मध्येच रविशंकर आणि यहुदी मेन्यूहिन यांची ‘वेस्ट मीट्स ईस्ट’ ही ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतील सॅन अँटोनिओ येथे स्पेनचे थोर संगीतकार होआकिन रोद्रिगो यांची चार गिटार आणि वाद्यवृंद यांसाठी लिहिलेली ‘कोन्सिएर्तो आंदालुस’ ही रचना प्रथम सादर झाली. सेलेदोनियो रोमेरो आणि त्यांचे तीन पुत्र या चौघांच्या गिटारवृंदासाठी ती लिहिलेली होती. आंद्रेस सेगोविया यांनी एकट्या गिटारला मैफलीचा मान मिळवून दिला होता. रोमेरो कुटुंबाने तिला वृंदाचा मान मिळवून दिला. या दोन वृंदांची तुलना उद्बोधक आहे. रोमेरोंच्या वृंदात चारही वाद्ये एकाच जातीची. प्रत्येक जण आपल्या वाट्याचा स्वर धरतो आणि चौघांच्या एकत्र येण्याने स्वरमेळाचा प्रासाद उभा राहतो. मुंबईच्या वृंदात तिन्ही वाद्ये भिन्न जातीची; ती एकाच रागाच्या वाटेने एकामागून एक चालतात. तेथे गिटार आपल्या घरी आहे, येथे ती सासरी आली आहे. दोन्हीकडे ती शोभून दिसते, पण सासरी येताना तिला पुष्कळ काही मागे ठेवावे लागले, हे विसरता कामा नये.

या ध्वनिमुद्रिकेचे परिणाम दूरवर झाले. शास्त्रीय संगीताशी ज्यांची ओळख नव्हती अशा असंख्य श्रोत्यांना तिने रागाच्या दारापर्यंत आणले. शिवकुमार आणि हरिप्रसाद यांची जोडी पुढे इतकी जमली की, १९८१ च्या ‘सिलसिला’पासून त्यांनी चित्रपटांना संगीतही दिले. काब्रा मात्र त्या वाटेस गेले नाहीत. अहमदाबादेत राहून त्यांनी वादन आणि शिकवण हेच आपले क्षेत्र मानले आणि १९१८ मध्ये मैहरला आरंभलेल्या प्रयोगास शंभर वर्षे होत असताना, २०१८ साली, ते निवर्तले. त्यांच्या शिष्यांपैकी देबाशीष भट्टाचार्य यांनी चतुरंगी हे नवे गिटारवाद्य घडविले आणि अमेरिकेच्या बॉब ब्रोझमन यांच्यासह वादन केले. रविशंकरांचे शिष्य, जयपूरचे विश्वमोहन भट्ट यांनी तरफेच्या तारा जोडून मोहन वीणा सिद्ध केली. अमेरिकन गिटारवादक राय कूडर यांच्यासह त्यांनी केलेल्या ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ या ध्वनिमुद्रिकेला १९९४ साली ग्रॅमी पुरस्कार मिळाला. बनारसच्या कमला शंकर यांनी गायकी अंगाने गिटार वाजवून या वाद्याचा आणखी एक पैलू पुढे आणला.

लौकिकाच्या या ठळक घटनांपेक्षाही शांतपणे घडलेला एक बदल अधिक बोलका आहे. स्वातंत्र्यानंतर फाळणीने लाहोर गेले आणि पंजाबसाठी चंदिगड हे नवे शहर वसविण्यात आले. त्याचा आराखडा ल कॉर्बुझिए या परदेशी वास्तुशिल्पज्ञाचा. राहणारी माणसे, त्यांची भाषा आणि सण इथले. १९५६ साली स्थापन झालेले प्राचीन कला केंद्र याच शहरातून देशभर संगीताच्या परीक्षा घेते आणि त्या परीक्षांत सतार, सरोद, बासरी यांच्याबरोबर गिटारही एक रीतसर विषय म्हणून आहे. एखादे वाद्य मैफलीत टाळ्या मिळविते तेव्हा त्याचे कौतुक होते. ते अभ्यासक्रमात येते तेव्हा त्याचे नागरिकत्व मान्य होते. आज आडगावचा विद्यार्थी परीक्षेसाठी गिटारवर यमन बसवितो, तेव्हा हे वाद्य कोठून आले, हे विचारण्याची त्याला गरजही भासत नाही.

या प्रवेशावर आक्षेप घेणारेही आहेत आणि त्यांचे म्हणणे केवळ धुडकावून लावण्यासारखे नाही. विचित्र वीणा वाजविणारे थोडे उरले आणि तिचेच काम करणारी गिटार मात्र वाढली. पाहुण्याला पाट मिळाला आणि घरचे माणूस उभेच राहिले, असे कोणी म्हटले तर त्यात तथ्य आहे. तसेच, वृंदातील माधुर्याची सवय लागलेला श्रोता एका रागाचा तासाभराचा विस्तार ऐकण्यास अधीर होतो, हीही तक्रार खरी आहे. ‘कॉल ऑफ द व्हॅली’नंतर तिचे अनुकरण करणाऱ्या शेकडो तबकड्या निघाल्या, त्यांतील कित्येकांत निसर्गाची नावे राहिली आणि राग हरवला. शार्ङ्गदेवाने ज्याला कोलाहल म्हटले, तो संख्येने होतो तसा हेतूच्या अभावानेही होतो.

परंतु या तक्रारींमुळे मूळ घटनेचे मोल उणे होत नाही. परंपरेने गिटारकडे तिचे जन्मस्थान विचारले नाही. तुला मींड येते काय आणि शेजाऱ्याचा खंड सावरता येतो काय, एवढेच विचारले. पहिल्या प्रश्नाचे उत्तर काब्रांनी एकट्याच्या साधनेने दिले आणि दुसऱ्याचे उत्तर जोशींनी जमविलेल्या चौघांनी मिळून दिले. हे दोन्ही प्रश्न देवगिरीच्या त्या हिशेबनिसाच्या ग्रंथात आधीच लिहिलेले होते. जी परंपरा आपल्या कसोट्या इतक्या नेमकेपणाने जाणते, तिला नव्या वाद्याची भीती बाळगण्याचे कारण उरत नाही. आणि जी त्या कसोट्या विसरते, तिला केवळ जुनी वाद्ये जपून वाचता येत नाही.